ब्राम्सचा पहिला चेलो सोनाटा: नव्या श्रोत्याने ऐकायचा कसा

चेलो आणि पियानोच्या मैफिलीला पहिल्यांदा जाणारा श्रोता बहुतेक वेळा चेलोकडेच कान लावून बसतो. साहजिकच आहे. चेलो म्हणजे व्हायोलिनचं मोठं, खर्जातलं भावंड; त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या इतका जवळचा की पहिल्या गजातच ओळख पटते, शिवाय वादक अगदी समोर बसलेला असतो. पियानोवादक मागे, वाद्याच्या आड. ख्यालाच्या मैफिली ऐकत वाढलेला माणूस मग नकळत पियानोला हार्मोनियमच्या जागी ठेवतो आणि साथ म्हणून ऐकतो. रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकातल्या, सोनाट्यात (एक-दोन वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचनेत) असं केलं की अर्धी रचना निसटून जाते. जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्सने आपल्या पहिल्या चेलो सोनाट्यावर नाव घातलं ते ‘पियानो आणि चेलोसाठी सोनाटा’. पियानो आधी. त्यामागे परंपरा होती. बेथोव्हेनने १७९६ साली बर्लिनच्या भेटीत या जोडीसाठी पहिले दोन सोनाटे लिहिले, त्यांतही पियानोचा वाटा भारी होता आणि पियानोवर तो स्वतः होता.

म्हणून माझा आग्रह असा: सुरुवात एकाच रचनेपासून करा आणि तीत पियानो ऐकायला शिका. त्यासाठी ब्राम्सचा ई मायनरमधला (ई हा सा आणि गंधार कोमल) पहिला चेलो सोनाटा, ओपस ३८ (ओपस म्हणजे रचनाक्रमांक), याच्याइतकी चांगली शाळा नाही. तो सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे, त्यात तीनच मूव्हमेंट्स, म्हणजे स्वतंत्र भाग, आहेत, आणि त्याची पहिली सुरावट पहिल्या ऐकण्यात लक्षात राहते.

पहिली पायरी: रचना कुठून आली ते एवढं माहीत असू द्या

पहिल्या दोन मूव्हमेंट्स ब्राम्सने १८६२ च्या उन्हाळ्यात लिहिल्या, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याच वेळी एक संथ मूव्हमेंटही लिहिली होती, ती त्याने पुढे काढून टाकली. शेवटची मूव्हमेंट १८६५ च्या उन्हाळ्यात झाली आणि पुढच्या वर्षी बॉनच्या झिमरॉक या प्रकाशकाने रचना छापली. रचना अर्पण केली आहे योझेफ गेन्सबाखर याला. हा व्हिएन्नातला गायनशिक्षक आणि हौशी चेलोवादक, ब्राम्सचा मित्र. दोघं घरगुती बैठकीत हा सोनाटा वाजवत असताना ब्राम्सने पियानो इतका जोरात वाजवला की गेन्सबाखर तक्रार करू लागला, मला माझा चेलोच ऐकू येत नाही. ‘नशीबवान आहेस,’ ब्राम्स म्हणाला. असा किस्सा सांगतात. तो रंगवलेला असेलही, पण या रचनेतली मुख्य अडचण त्यात नेमकी पकडली आहे आणि पुढे ती आपल्याला लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. ब्राम्स अठराव्या शतकातल्या बाख या जर्मन संगीतकाराच्या संगीताचा मनापासून अभ्यास करणारा माणूस होता. १८५६ च्या सुमारास तो आणि त्याचा मित्र, व्हायोलिनवादक योआखिम, एकमेकांना टपालाने काउंटरपॉइंटचे धडे सोडवून पाठवत आणि तपासत. काउंटरपॉइंट म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी अशा चालवायच्या की प्रत्येकीला आपला अर्थ राहील. हा अभ्यास तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये उघडपणे समोर येतो.

दुसरी पायरी: पहिली सुरावट गुणगुणून पाठ करा

ध्वनिमुद्रण लावा आणि पहिलं अर्धं मिनिट चार-पाच वेळा ऐका, त्यापुढे जाऊ नका. चेलो आपल्या सर्वांत जाड तारेवर, अगदी खर्जात सुरू होतो. ई हा स्वर सा धरला तर सुरुवात अशी वर चढते: सा, कोमल ग, प, मग कोमल ध, आणि पुन्हा प. पेटी असेल तर पेटीवर वाजवून पाहा, नसेल तर आवाजात म्हणा. कोमल धैवतावरून पंचमावर येण्याचा तो छोटा उतार नीट मनात बसू द्या. या मूव्हमेंटची सगळी व्यथा त्या अर्ध्या स्वराच्या उतारात आहे आणि तो पुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो.

इथे सावध राहायला हवं. कोमल ग, कोमल ध ऐकले की आपला कान राग शोधू लागतो. तो शोध सोडून द्या. या संगीतात सा एका जागी बसून राहत नाही, सरकतो, आणि त्याचं सरकणं हीच इथली कथा आहे. आपल्याकडे तानपुरा घर दाखवत राहतो, इथे श्रोत्याला घर मनात धरून ठेवावं लागतं. म्हणूनच पहिली सुरावट पाठ हवी.

आता तेच अर्धं मिनिट पुन्हा लावा आणि या वेळी फक्त पियानो ऐका. चेलो गातो आहे आणि पियानो हळू आवाजात, ठोक्यावर नव्हे तर ठोक्याच्या मधल्या जागांत स्वरसमूह ठेवतो आहे. ते थांबले तर चेलोची ओळ लोंबकळत राहील. त्या जागा सुस्तपणे वाजल्या तर सगळी सुरुवात जड होते, घाईने वाजल्या तर गाणं पळतं. चांगला पियानोवादक इथेच कळतो, एकही सुरावट वाजवण्याआधी.

तिसरी पायरी: पहिली मूव्हमेंट, तीन वेळा

ही मूव्हमेंट एकटीच बाकी दोघींच्या बेरजेएवढी, किंबहुना थोडी मोठी आहे. तिला वेळ द्या.

पहिल्या ऐकण्यात एकच गोष्ट शोधा: पियानो ती सुरावट स्वतःकडे कधी घेतो. साधारण मिनिटभराने ते होतं. चेलोने खर्जात गायलेलं तेच आता पियानोच्या उजव्या हातात, वरच्या सप्तकात येतं. वाद्यांच्या घडणीतला फरक इथे कानाला कळतो. पियानोचा स्वर हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून विरायला लागतो. चेलोचा स्वर गज चालू आहे तोवर जगतो, आणि लावल्यानंतर फुलतोही. तेव्हा तीच ओळ चेलोवर सलग वाहते, तर पियानोवर ती स्वरास्वराने उभी करावी लागते. विरणाऱ्या एका स्वरातून पुढचा स्वर असा काढायचा की मधे भेग पडू नये, ही पियानोवादकाची खरी परीक्षा. चेलोचं गाणं आणि पियानोचं गाणं यांत कोण सरस, हा प्रश्नच नाही. ब्राम्सला दोन्ही हवी होती, म्हणून त्याने ओळ दोघांना दिली.

दुसऱ्या ऐकण्यात सा कुठे सरकतो ते पाहा. मायनरमधल्या सोनाट्याने पुढे जाताना मेजरमध्ये जावं, म्हणजे शुद्ध गंधाराच्या उजेडात यावं, असा त्या काळचा नेहमीचा रिवाज. ब्राम्स तसं करत नाही. मधे उजेडाची तिरीप येते, पण टिकत नाही, आणि दुसरा मुख्य भाग येतो तो बी मायनरमध्ये. म्हणजे आतापर्यंत आपण ज्याला पंचम म्हणत होतो तोच नवा सा झाला, आणि गंधार कोमलच राहिला. इथे चेलो आणि पियानो एकमेकांच्या मागे लागतात. एकाने वाक्य टाकलं की ते संपायच्या आत दुसरा तेच उचलतो. सवाल-जवाबात एक थांबतो मग दुसरा बोलतो. इथे कोणी थांबत नाही, बोलणं एकमेकांवर चढतं. हा भाग ऐकताना नव्या श्रोत्याला गोंधळ वाटतो, आणि वाटू द्यावा. गोंधळातून एकेक आवाज वेगळा काढायची सवय दोन-तीन ऐकण्यांत होते.

मग वादळ ओसरतं आणि पहिल्या विभागाच्या अखेरीला बी मेजरमध्ये एक झुलती, शांत जागा येते. गंधार अखेर शुद्ध होतो आणि तसा राहतो. त्या क्षणाची वाट पाहायला शिकलात की ही मूव्हमेंट तुमची झाली.

यानंतर काही वादक सुरुवातीपासून हा सगळा विभाग पुन्हा वाजवतात, कारण ब्राम्सने तशी खूण लिहिली आहे, आणि काही तो वगळतात. पुनरावृत्तीसह ही मूव्हमेंट चौदा मिनिटांच्या आसपास जाते. माझं मत पुनरावृत्ती करावी असं आहे. त्या शुद्ध गंधारावरून पुन्हा खर्जातल्या सुरुवातीकडे परतणं वेगळं लागतं, आणि नव्या श्रोत्याला तर दुसरी संधी हवीच असते.

तिसऱ्या ऐकण्यात मधला विस्तार आणि शेवट ऐका. मधल्या भागात आधीच्या सुरावटींचे तुकडे सुटे होऊन इकडेतिकडे फिरतात, आवाज वाढत जातो, आणि चेलो वरच्या तारांवरून थेट तळाच्या तारेपर्यंत मोठमोठ्या उड्या घेतो. वादकाचा उजवा हात इथे पाहण्यासारखा असतो, क्षणात पातळ तारेवरून जाड तारेवर जाताना गजाचा कोनच बदलतो. मग पहिली सुरावट घरी परतते. शेवटी ती झुलती जागा पुन्हा येते, पण आता मूळ सा धरून, ई मेजरमध्ये, आणि मूव्हमेंट हळू आवाजात तिथेच थांबते. सुरुवातीला तुम्ही जो कोमल गंधार गुणगुणला होता तो इथे शुद्ध झालेला असतो. पाठ करून ठेवल्याचा मोबदला हाच.

चौथी पायरी: मधली मूव्हमेंट, नाचाची आठवण

ही छोटी आहे, पाच-सहा मिनिटांची. अठराव्या शतकातल्या मिन्युएट या तीन ठोक्यांच्या दरबारी नाचाचं ब्राम्सला असलेलं आकर्षण इथे दिसतं. ए मायनरमध्ये, तुटक, नेमक्या स्वरांनी ती चालते. मधल्या भागाकडे, ज्याला ट्रिओ म्हणतात, खास लक्ष द्या. तो एफ शार्प मायनरमध्ये, म्हणजे घरापासून बराच दूर सुरू होतो, पण नाचाच्या सुरुवातीचे तेच दोन-चार स्वर घेऊन. आधी जे टोकदार होतं तेच आता लांब, ओथंबलेलं होतं. पियानोच्या उजव्या हातातले जलद स्वर सुरावटीभोवती थरथरतात आणि चेलो तीच सुरावट सरळ धरून पियानोबरोबर चालतो. आतापर्यंत वाद घालणारे दोघं इथे एका ओळीवर येतात. मग नाच जसाच्या तसा परततो.

पाचवी पायरी: फ्यूग मोजून ऐका

तिसरी मूव्हमेंट नव्या श्रोत्याला सर्वांत अवघड जाते, म्हणून ती ऐकण्याची सोपी रीत सांगतो. फ्यूग म्हणजे एकच सुरावट, जिला विषय म्हणतात, एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना. सुरुवात पियानोच्या डाव्या हाताने, एकट्याने होते. विषय ओळखायची खूण: एक स्वर, मग त्याच स्वरावर एक सप्तक खाली उडी, आणि पुढे तीन-तीनच्या गटांत धावणारे स्वर. तो संपला की चेलो तोच विषय घेऊन येतो, मग पियानोचा उजवा हात. एक, दोन, तीन, असं बोटावर मोजा. तीन आवाज आणि वादक दोन. म्हणजे पियानोवादकाचे दोन हात ही इथे दोन स्वतंत्र माणसं आहेत. चेलो त्या तिघांतला एक, मधला. पियानो म्हणजे साथ ही समजूत इथे पुरती मोडते.

एक आवाज विषय घेऊन तीन-तीनच्या चालीत धावत असताना दुसरा त्याच्यासमोर दोन-दोनच्या चालीत उभा राहतो. लयीशी खेळणाऱ्या तबल्याची सवय असलेल्या कानाला हे दोनाविरुद्ध तीनाचं घर्षण लगेच कळेल. तिथे मात्र आपल्या श्रोत्याला थोडा फायदाच आहे.

या विषयाचं बाखच्या ‘आर्ट ऑफ फ्यूग’मधल्या तेराव्या काउंटरपॉइंटशी असलेलं साम्य जाणकारांनी फार पूर्वी दाखवलं आहे. वेळ असेल तर तो तेरावा तुकडा आधी ऐका, जेमतेम काही मिनिटांचा आहे. बाखचा विषय हलक्या पावलांचा आहे, ब्राम्सने त्याला वजन आणि आवेग दिला. शिवाय ब्राम्स शुद्ध फ्यूग लिहून थांबत नाही. मधे जी मेजरमध्ये एक मवाळ जागा येते, वातावरण निवळतं, पुन्हा झुंज पेटते आणि शेवटी वेग आणखी वाढवून रचना ई मायनरमध्येच संपते. पहिल्या मूव्हमेंटच्या अखेरीचा शुद्ध गंधार इथे नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष मैफिलीत

मुंबईकरांना नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात असे कार्यक्रम अधूनमधून मिळतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘ओपस ३८’ दिसलं की जा. काही व्यवहाराच्या गोष्टी:

या मैफिलीत माइक नसतो. ध्वनिक्षेपकावर गाणं ऐकायची सवय असलेल्याला पहिली काही मिनिटं आवाज लहान वाटतो. कान सवयीचा होऊ द्या. शक्य असेल तर सभागृहाच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, मधोमध किंवा किंचित डावीकडे बसा. पियानोच्या पट्ट्या तुमच्या डाव्या बाजूला येतात, त्यामुळे तिथून वादकाचे हात दिसतात, आणि फ्यूगमध्ये डावा हात आधी सुरू होतो हे डोळ्यांनी पाहिलं की कानाचं काम अर्धं होतं. पियानोचं झाकण पूर्ण उघडं आहे की अर्धं, तेही बघा. समतोलाविषयी वादकांनी काय ठरवलं आहे त्याची ती पहिली खूण.

चेलोवादक पियानोच्या पुढे, बहुधा त्याच्या बाककडे पाठ किंवा कूस करून बसतो. मग ते एकत्र सुरू कसे होतात? श्वासाने. सुरावट उचलण्याआधी चेलोवादक जो श्वास घेतो आणि गज ज्या गतीने तारेकडे आणतो, त्यावरून पियानोवादक लय ओळखतो. दोन मूव्हमेंट्सच्या मधला तो क्षण पाहायला विसरू नका.

दाद मात्र शेवटपर्यंत राखून ठेवा. ‘क्या बात है’ ओठांवर आलं तरी गिळायचं, मूव्हमेंट संपल्यावर टाळ्याही नाहीत. एकोणिसाव्या शतकात मूव्हमेंट्सच्या मधे सर्रास टाळ्या पडत, आजचा शिष्टाचार नंतरचा आहे. मला स्वतःला पहिल्या मूव्हमेंटनंतरची शांतता हवीशी वाटते, तो ई मेजर विरेपर्यंत ऐकू येतो म्हणून. दोघांनी हात खाली घेतले, वादक उठू लागले, मग मनसोक्त टाळ्या वाजवा.

सातवी पायरी: वादन चांगलं झालं का, हे कसं ठरवायचं

गेन्सबाखरची तक्रार इथे कामी येते. ब्राम्सने चेलो बराच वेळ खालच्या तारांवर ठेवला आहे, आणि त्याच पट्टीत पियानोचा डावा हात जाड स्वरसमूह वाजवतो. चेलो बुडण्याची भीती सतत असते, फ्यूगमध्ये सर्वांत जास्त. त्यात ब्राम्सच्या तरुणपणीचे व्हिएन्नाचे पियानो आजच्या नऊ फुटी कॉन्सर्ट ग्रँडपेक्षा हलके होते, त्यांचा खर्ज पातळ आणि स्वच्छ होता. आज तीच रचना वाजवताना पियानोवादकाला स्वर लांबवणारं पेडल जपून वापरावं लागतं आणि डाव्या हाताला आवर घालावा लागतो. पण आवर घालणं म्हणजे मिटून जाणं नव्हे. चेलोला वाट देण्यासाठी पियानोवादक पुसट झाला, तर रचनेतला वादच संपतो. तसं वादन ऐकायला गोड लागतं आणि खोटं असतं.

म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. फ्यूगमध्ये चेलोचा मधला आवाज शब्दासारखा स्पष्ट आला का? पियानोवादकाकडे सुरावट आली तेव्हा तोही गायला का? आणि पहिली मूव्हमेंट रेंगाळली का? ब्राम्सने ‘आलेग्रो नॉन ट्रोप्पो’ लिहिलं आहे, म्हणजे जलद, पण फार नाही. चेलोचा आवाज सुंदर म्हणून ती फार संथ वाजवण्याचा मोह अनेकांना होतो.

घरी तुलना करायला दोन ध्वनिमुद्रणं पुरेत. रोस्त्रोपोविच आणि रुडॉल्फ झेरकिन यांचं एक, वयस्कर दोघांचं, भारदस्त आणि विस्तीर्ण. स्टीव्हन इसरलिस आणि स्टीफन हफ यांचं दुसरं. इसरलिस आतड्याच्या तारा वापरतो, पोलादी तारांपेक्षा त्यांचा आवाज मऊ आणि किंचित खरखरीत, त्यामुळे खालच्या पट्टीतले शब्द वेगळे ऐकू येतात. जाक्लिन द्यू प्रे आणि डॅनियल बारेनबॉइम यांचं वादनही जरूर ऐका, पण आधी नको. द्यू प्रेचा सूर इतका धरून ठेवणारा आहे की नवा श्रोता पुन्हा फक्त चेलो ऐकू लागतो.

यानंतर काय

या सोनाट्यानंतर ब्राम्सचाच दुसरा, एफ मेजरमधला ओपस ९९ घ्या. तो १८८६ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये थून सरोवराकाठी लिहिला गेला, रोबर्ट हाउसमान या चेलोवादकाला डोळ्यांसमोर ठेवून. त्यात चेलो वरच्या तारांवर बराच वेळ घालवतो आणि संथ मूव्हमेंटमध्ये बोटांनी तारा छेडतो. मग शोपँचा जी मायनर सोनाटा: पॅरिसमध्ये १८४८ च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या मित्राबरोबर, चेलोवादक फ्रांशोमबरोबर, यातल्या शेवटच्या तीनच मूव्हमेंट्स वाजवल्या. त्यानंतर रखमानिनोव्हचा १९०१ चा जी मायनर सोनाटा. तिथे पियानोचा वाटा इतका मोठा आहे की रखमानिनोव्हला त्याला ‘चेलो सोनाटा’ म्हटलेलं रुचत नसे. ओपस ३८ नीट ऐकून तिथे पोहोचलात तर त्याचं म्हणणं का बरोबर होतं हे पहिल्याच पानाला कळेल.